टांगा, ट्रॅक्टर आणि टॉप मॉडेल

गेल्या वर्षी वर्षावास संपला आणि देवपुरात लग्नाच्या बैठका सुरू झाल्या. अशाच एका बैठकीला मी हजर होतो. मुलीचे वडील एस. टी.च्या कार्यशाळेतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. मुलगी एम. एस्सी., शाळेत शिक्षिका. मुलगा इंजिनिअर, नोकरी पुण्याला, आईवडील दोघेही नोकरदार. दोन्ही घरे बौद्ध. दोन्ही घरांच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब. त्रिसरण-पंचशील झाले, चहा-पोहे झाले. मुलाच्या वडिलांनी आधीच सांगून टाकले, "हुंडा हा शब्द आमच्या घरात नाही. आम्ही चळवळीतली माणसं आहोत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मग मुलाच्या काकांनी सहज विचारल्यासारखे विचारले, "गाडीचं काय ठरवलंय?"

मुलीचे वडील म्हणाले, "पीएफचे पैसे ठेवलेत. मुलीच्या नावावर एक छोटी गाडी घ्यावी म्हणतो."

"छोटी म्हणजे? बेस मॉडेल की टॉप?" काका हसले. "नाही, आमच्या कॉलनीत सनरूफशिवाय गाडी आता कुणी दारात लावत नाही, म्हणून विचारलं."

बैठकीत दोन-तीन माणसे हसली. मुलगी चहाचे कप गोळा करत होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "बाबांनी तीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्यात. त्यांना मॉडेल शिकवू नका. हे स्थळ मला नको." आणि ती आत निघून गेली. बैठक मोडली.

मी वकील आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ मला पाठ आहे. हुंडा देणे-घेणे यासाठी किमान पाच वर्षे कैद आहे आणि नुसती मागणी केली तरी सहा महिने ते दोन वर्षे. गाडी ही 'मौल्यवान वस्तू' आहे हे सांगायला मोठे न्यायनिवाडे वाचावे लागत नाहीत. तरीही त्या बैठकीत मी तोंड उघडले नाही. जे बोलायचे ते पंचविशीतली एक मुलगी बोलली. आज हा लेख लिहितो आहे तो त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून. भरपाई होईल की नाही, ते वाचकांनी ठरवावे.

सनरूफ म्हणजे काय? गाडीच्या छपराला पाडलेली काचेची खिडकी. धुळ्यात मे महिन्यात डांबर वितळते, तिथे डोक्यावर काच कशासाठी हवी, हा प्रश्न कुणी विचारत नाही. कारण ती ऊन-वाऱ्यासाठी नाहीच. ज्याच्या गाडीला ती नाही, त्याच्याकडे वरून पाहण्यासाठी ती आहे. वाडीभोकर रोडवर किंवा नकाणे रोडवर संध्याकाळी उभे राहा. स्कूटीवाला मोपेडवाल्याकडे कसा पाहतो, बुलेटवाला स्कूटीवाल्याकडे कसा पाहतो, छोट्या कारवाला बुलेटवाल्याकडे आणि काळ्या काचांची मोठी जीप सगळ्यांकडे कशी पाहते, ते बघा. एकाच कंपनीच्या एकाच गाडीतसुद्धा पाच-सहा पायऱ्या. पाठीमागे लावलेली दोन इंग्रजी अक्षरे पाहून ओळखायचे की हा कुठल्या पायरीवरचा.

ही रीत मुळात कुठून आली, ते पाहू गेले तर अतिश्रीमंतांच्या दुनियेत जावे लागते. तिथे स्पोर्ट्‌स कार नावाचा प्रकार आहे. दोन माणसांची जागा, सामानाला जागा जवळजवळ नाही, किंमत कोटीच्या घरात. अशी गाडी असणारा माणूस निदान दुसऱ्या अशा गाडीवाल्याला तरी बरोबरीचा मानत असेल, असे आपल्याला वाटेल. तसे नाही. जर्मनीच्या पोर्शे कंपनीचेच उदाहरण घ्या. या कंपनीची ९११ नावाची गाडी १९६३ साली लोकांसमोर आली. इंजिन मागे, हवेने थंड होणारे. ही झाली 'अस्सल' पोर्शे. पुढे १९६९ मध्ये कंपनीने फोक्सवॅगनबरोबर ९१४ काढली, १९७६ मध्ये ९२४ काढली. ९२४ मुळात फोक्सवॅगनसाठी आखलेली, इंजिन पुढे, पाण्याने थंड होणारे, जुळणी ऑडीच्या कारखान्यात. झाले! ९११ वाल्यांनी ठरवून टाकले, की ही पोर्शे नव्हेच. बिल्ला तोच, कंपनी तीच, पण कूळ हलके. १९९६ मध्ये बॉक्स्टर आली, तिलाही 'गरिबाची पोर्शे' म्हणून हिणवले गेले. या गरिबाची मिळकत किती, हे विचारू नये.

खरी गंमत पुढे आहे. १९९७ मध्ये नवी ९११ आली, तेव्हा कंपनीने खर्च वाचवण्यासाठी तिचे आणि बॉक्स्टरचे पुढचे बरेचसे भाग एकच ठेवले. समोरचे दिवेही सारखे. जुन्या मालकांचा केवढा तळतळाट झाला! आमच्या गाडीचे तोंड आणि त्या हलक्या गाडीचे तोंड एकसारखे? लांबून येताना लोकांना कळणार कसे, की येणारा कोण आहे? वाचकहो, हा आक्रोश तुम्हाला ओळखीचा वाटतो ना? आपल्या आज्याने गुडघ्याखाली धोतर नेसले, आजीने चांदीचा दागिना घातला, तेव्हा गावात हाच आक्रोश झाला होता. लांबून येणारा कोण आहे ते कळले पाहिजे, हीच त्या आक्रोशाची मागणी होती.

आणि ही 'अस्सलता' तरी किती खरी? पोर्शे या नावाने १९४८ साली बनलेली पहिली गाडी ३५६. तिचे इंजिन आणि बरेच सुटे भाग फोक्सवॅगनच्या 'बीटल'चे होते. ती बीटल घडवली फर्डिनांड पोर्शे यांनीच, नाझी राजवटीच्या हुकमावरून. म्हणजे ज्या फोक्सवॅगनच्या नात्यामुळे ९२४ हलकी ठरली, तेच नाते ९११ च्या पूर्वजाच्या पोटात बसलेले. आणि ज्या बॉक्स्टरला नाके मुरडली, तिच्या विक्रीनेच नव्वदच्या दशकात अडचणीत आलेल्या कंपनीला सावरले. शुद्ध रक्ताची वंशावळ सांगणाऱ्यांचे जगात सगळीकडे असेच असते. चार पिढ्या मागे गेले की कागद सापडत नाही. आणि घर मात्र हलक्या म्हटलेल्यांच्या घामावर चालते.

इटलीची गोष्टही अशीच सांगतात. फेरुचिओ लॅम्बोर्गिनी हे ट्रॅक्टरचे कारखानदार. पैसा आला, तशी त्यांनी फेरारी घेतली. क्लच वारंवार बिघडू लागला, म्हणून ते तक्रार घेऊन एन्झो फेरारींकडे गेले. फेरारींनी त्यांना सुनावले, ट्रॅक्टर चालवणाऱ्याला आमच्या गाडीतले काय कळणार! लॅम्बोर्गिनींनी १९६३ साली स्वतःचा मोटारींचा कारखाना काढला. प्रत्यक्ष बोलणे कोणत्या शब्दांत झाले, यावर वाद असतील. पण ही गोष्ट जगभर का सांगितली जाते, ते महत्त्वाचे. ट्रॅक्टर म्हणजे माती, माती म्हणजे श्रम, आणि श्रम म्हणजे हलके. युरोपातल्या गोऱ्या कोट्यधीशालाही दुसऱ्या कोट्यधीशाचा अपमान करताना शेतातलेच अवजार आठवले.

बाबासाहेबांनी आपल्या समाजव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. वर मालक आणि खाली गुलाम एवढेच असते, तर खालचे सगळे एक झाले असते. इथे प्रत्येकाच्या खाली कुणीतरी ठेवलेला आहे. त्यामुळे वरच्याची लाथ खाणाऱ्यालाही खालच्याला लाथ मारण्याचे सुख मिळते आणि त्या सुखापायी तो अख्खी शिडी सांभाळतो. मोटारींच्या दुनियेत ही शिडी जशीच्या तशी दिसते. पण एक फरक लक्षात ठेवला पाहिजे, नाहीतर आपणच आपल्या दुःखाची टिंगल करून बसू. बॉक्स्टरवाल्याला अपमान सहन होत नसेल, तर तो गाडी विकून दुसरी घेऊ शकतो. जात विकता येत नाही. त्याचा अपमान पार्किंगमध्ये संपतो, आपला स्मशानापर्यंत येतो. म्हणून मी त्या श्रीमंतांची कीव करण्यासाठी हे लिहीत नाही. मला भीती वाटते ती ही, की ज्यांना शिडीचा खरा मार माहीत आहे, तेच लोक हौसेने ही नवी शिडी घरात आणू लागले आहेत.

या शिडीला पैसा कोण पुरवते, तेही बघू. त्यासाठी युरोपात जायला नको. कन्नडचा घाट ओलांडला की पुरे. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. वर्तमानपत्रांनी मराठवाड्याच्या 'मागासपणाचा शिक्का पुसला' म्हणून कौतुक केले. लगोलग दुसऱ्या जर्मन कंपनीच्या, बीएमडब्ल्यूच्या, घाऊक खरेदीची चर्चा सुरू झाली. एकाने मर्सिडीज घेतली तर दुसऱ्याने मागे का राहावे? ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच डिसेंबरमध्ये 'द हिंदू'तून या व्यवहाराची दुसरी बाजू दाखवली. या गाड्यांसाठी सरकारी बँकेने ४० कोटींहून जास्त कर्ज दिले, व्याज ७ टक्के. शेतकऱ्याने ट्रॅक्टर घ्यायचा म्हटला, तर व्याज १२ टक्के. म्हणजे एन्झो फेरारींनी ट्रॅक्टरवाल्याला तोंडाने जे सुनावले, ते आपल्या बँकेने व्याजदराने सुनावले. ट्रॅक्टर ज्याच्या नावावर आहे त्याची ही गत, मग ट्रॅक्टरच्या मागे सरी ओढणाऱ्या भूमिहीन मजुराला बँकेच्या पायरीवर कोण उभे करणार?

शिडी बँकेत आहे, तशी ती कायद्याच्या दारातही आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. दोघेही मेले. कोटींच्या घरातल्या त्या गाडीची नोंदणी पूर्ण झालेली नव्हती. नोंदणीची १,७५८ रुपयांची फी भरायची राहिली होती, असे परिवहन खात्याने तेव्हा सांगितले. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला आणि अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितले. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. लोक खवळले, तेव्हा कुठे चक्रे उलटी फिरली. त्याच वर्षी ७ जुलैला वरळीत मासे विकणाऱ्या कोळी दांपत्याच्या स्कूटरला बीएमडब्ल्यूने उडवले आणि त्या माउलीला फरफटत नेले. ती मेली.

मी बौद्ध आहे आणि वकीलही. चुकलेल्या पोराला सुधारायची संधी मिळावी, हे बाल न्याय कायद्याचे तत्त्व मला मान्य आहे. अंगुलिमालाला धम्मात घेणाऱ्या तथागताचा अनुयायी याहून वेगळे कसे म्हणेल? माझी तक्रार वेगळी आहे. मोटारसायकल चोरीच्या संशयावरून धरलेली झोपडपट्टीतली, पारध्यांची, भिल्लांची पोरे मी पाहिली आहेत. त्यांना निबंध लिहायला कुणी सांगत नाही. त्यांच्या बापाला जामीनदार मिळेपर्यंत आठवडे जातात. दया करायची तर सगळ्यांवर सारखी करा. दयेतही बेस मॉडेल आणि टॉप मॉडेल असेल, तर त्याला न्याय म्हणत नाहीत.

आता शिडीच्या अगदी तळाशी येऊ. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात कॉलेजात शिकणाऱ्या एका दलित तरुणाच्या हातांवर कोयत्याचे वार झाले. कुटुंबाची तक्रार अशी, की तो बुलेट चालवतो हे गावातल्या सवर्णांना खुपत होते. मार्च २०१८ मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात एका दलित तरुणाचा खून झाला, तेव्हा घोडा बाळगल्याचा राग हे कारण घरच्यांनी सांगितले. श्रीमंतांच्या दुनियेत चुकीचे मॉडेल घेतले तर नाक मुरडतात. आपल्या माणसाने बरोबर मॉडेल घेतले, तर हात तोडतात.

ही माझी अतिशयोक्ती नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू झाली. तिच्यातले कलम ३(१)(झेडए) सगळ्यांनी एकदा वाचावे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून, चपला वा नवे कपडे घालण्यापासून, लग्नाची वरात काढण्यापासून, वरातीत घोड्यावर किंवा कुठल्याही वाहनावर बसण्यापासून अडवणे हा गुन्हा आहे, असे तिथे लिहिले आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. मंगळावर यान पाठवून झाल्यानंतर या देशाच्या संसदेला कायदा करून सांगावे लागले, की माणसाला सायकलवर बसू द्या! जगातल्या किती देशांच्या कायद्यात असे कलम असेल?

हे कलम कुणाच्या रक्तातून आले, ते खान्देशाला वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे पुस्तक ज्यांनी वाचले आहे, त्यांना त्यातल्या गाड्या आठवत असतील. पहिली बैलगाडी, १९०१ सालची. वडिलांना भेटायला निघालेली चार पोरे मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे होते, म्हणून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलला. जात कळताच त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकायला तयार झाला नाही. पोरांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने पायी चालायचे, असे ठरले. कपड्याचे मॉडेल उत्तम होते, पण जातीपुढे ते टिकले नाही.

दुसरी गाडी टांगा. वर्ष १९२९, ठिकाण चाळीसगाव. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खान्देशात आले होते. धुळ्याकडचे काम आटोपून परतताना चाळीसगावच्या मंडळींच्या आग्रहावरून ते तिथे उतरले. महारवाडा स्टेशनपासून दोन मैलांवर. बाहेर टांगे भरपूर, पण महार माणसाला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नाही. तासभर खोळंबा झाला. शेवटी एक जण म्हणाला, टांगा घ्या, पण हाकणार मी नाही. वस्तीतल्या एका माणसाने लगाम धरला, ज्याने आधी कधी टांगा हाकला नव्हता. थोड्याच अंतरावर मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीच्या फरशीवर चाक दगडावर आदळले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोडा-टांगा नदीत पडला. पाय मोडला, कितीतरी दिवस अंथरुणावर पडून काढावे लागले.

या घटनेतली एक गोष्ट आपण नेहमी सांगतो. पोटासाठी टांगा हाकणारा माणूस स्वतःला बॅरिस्टरपेक्षा श्रेष्ठ समजत होता. बरोबर. पण दुसरी गोष्ट बाबासाहेबांनी तितक्याच स्पष्टपणे नोंदवली आहे आणि ती आपण सांगायची टाळतो. वस्तीच्या मंडळींना आपल्या पाहुण्याने पायी चालणे कमीपणाचे वाटले. ते प्रेमच होते, त्यात शंका नाही. पण त्या प्रतिष्ठेपायी त्यांनी ज्याचा मान राखायचा त्याचाच जीव धोक्यात घातला. बाबासाहेब रागावून लिहीत नाहीत. पण लिहून ठेवतात. का? पुढच्या पिढ्यांनी वाचावे म्हणून.

आज आपण काय करतो आहोत? नवशिका माणूस, अंगावर न पेलणारा टांगा आणि कठडा नसलेली फरशी. माझ्या टेबलावर हे चित्र वारंवार येते. कंत्राटी नोकरी, पगार वीस-बावीस हजार, गाडीचा हप्ता चौदा हजार, सात वर्षे मुदत. भावकीत कुणीतरी मोठी गाडी घेतली, म्हणून घेतलेली. सात-आठ हप्ते जातात, मग नोकरी जाते. चेक परत येतो, कलम १३८ ची नोटीस येते. एके दिवशी वसुलीची पोरे येऊन चौकातून गाडी ओढून नेतात. (गुंडांकरवी अशी वसुली करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बजावले आहे. असे घडले तर गप्प बसू नका.) नाकापेक्षा मोती जड झाला की नाक फाटते. बापाने तीस वर्षे राबून मिळवलेला पीएफ सनरूफमधून उडून जातो आणि लहान बहिणीची फी राहून जाते.

यात मी कुणाला साधेपणाचे प्रवचन देत नाही. गरिबी हा सद्गुण आहे, हे आपल्याला शिकवणारे पुष्कळ झाले. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले, की जात ओळखू येईल असा पेहराव टाकून द्या, नीटनेटके लुगडे नेसा. ते स्वतः सुटाबुटात वावरले. चांगले राहणे हे आपले बंड आहे. आपल्या पोराने मोटार घ्यावी, जरूर घ्यावी. गावात वेशीपासून ती ऐटीत न्यावी. ज्या रस्त्यावर आज्याला चप्पल हातात घेऊन चालावे लागले, त्या रस्त्यावर नातवाने हॉर्न वाजवावा. त्यात मला आनंद आहे. तथागतांचा मध्यम मार्ग गाडी जाळायला सांगत नाही, गाडीच्या मागे जळायलाही सांगत नाही.

मीही यातून सुटलेला नाही. वकिली सुरू केली तेव्हा जुन्या स्कूटरवर कोर्टात जायचो आणि अशील पाहील म्हणून ती दोन गल्ल्या सोडून लावायचो. पुढे कर्ज काढून चारचाकी घेतली, तीही हेच मनात ठेवून. म्हणून बोट दाखवतो आहे ते आधी माझ्याकडे.

अडचण कुठे होते? गाडी पुढे नेते तोवर ठीक. ती दुसऱ्याला मागे ढकलायला लागली, की आपण चाळीसगावचे टांगेवाले झालो. कार्यक्रमाच्या दारात मोठ्या गाडीला जागा करून देण्यासाठी म्हाताऱ्या कार्यकर्त्याची मोपेड हलवायला लावणारे आपलेच स्वयंसेवक मी पाहिले आहेत. नंबर प्लेटवर 'दादा' वाचता यावे म्हणून ४१४१ साठी धडपडणारे आपलेच तरुण आहेत. सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये चारचाकीच्या ०००१ या नंबरची फी ३ लाखांवरून ५ लाख केली. मोठ्या शहरांत त्याहून जास्त. एका आकड्याला पाच लाख! तेवढ्यात किती मुलांची वसतिगृहाची फी भरली जाईल, याचा हिशोब देवपुरातला कुठलाही शिक्षक तोंडी करून देईल.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यात आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. दरवर्षी त्या दिवशी आपण तिथे जातो. लहानपणी मी वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून देवपुराहून, पांझरेचा पूल ओलांडून, लळिंगला गेलो आहे. वाटेत कुणी थकलेला दिसला की वडील उतरायचे, त्याला कॅरिअरवर बसवायचे आणि स्वतः सायकल हातात धरून चालायचे. त्या सायकलची कंपनी मला आठवत नाही. कॅरिअरवर बसलेली माणसे आठवतात.

बाबासाहेब इथे खटल्यासाठी आले होते, म्हणून शेवट कोर्टातच करतो. ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये साक्री, शिरपूर, शिंदखेड्याकडची गावे असतात. तारखेच्या दिवशी आरोपीच्या बाजूने चार-पाच मोठ्या गाड्या कोर्टाच्या आवाराबाहेर ओळीने उभ्या राहतात. त्या उगाच उभ्या नसतात. फिर्यादीची म्हातारी आई पहाटेच्या एस. टी.ने येते, बोळ्यात बांधलेली भाकरी घेऊन झाडाखाली बसते आणि दिवसभर त्या गाड्यांकडे पाहते. संध्याकाळी त्याच गावात परत जायचे असते. साक्षीदार का फुटतात, याची कारणे निकालपत्रात फारशी येत नाहीत. ती अशी बाहेर रस्त्यावर उभी असतात. २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५ए आणले. पीडित आणि साक्षीदारांना प्रवासखर्च व निर्वाहखर्च मिळण्याचा हक्क त्यात आहे. १९९५ च्या नियमांतला नियम ११ रेल्वे, बस, टॅक्सीचे भाडे द्यायला सांगतो. अर्ज केला पाहिजे, पाठपुरावा केला पाहिजे. पण भाडे मिळाले, तरी सोबत मिळत नाही.

काही महिन्यांपूर्वी अशाच एका आजीला साक्षीसाठी मी माझ्या गाडीतून आणले. माझ्या गाडीचे मॉडेल जुने आहे, याची मला थोडी लाजच वाटत होती. आजी गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "भाऊ, तुनी गाडीमा कितला मानसे बसतस?" मी म्हटले, पाच. तिने लगेच आणखी तीन बायकांना हाक मारली. त्या दिवशी ती एकटी नव्हती. तिने साक्ष दिली आणि उलटतपासणीत ढळली नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. देवपूर, धुळे, जळगावकडच्या प्रत्येक विहाराने गाडी असणाऱ्या उपासक-उपासिकांची यादी करावी. ॲट्रॉसिटीच्या तारखेला साक्षीदार आणायला, स्पर्धा परीक्षेच्या केंद्रावर खेड्यातल्या मुली पोहोचवायला, रात्री-अपरात्री सिव्हिलला पेशंट न्यायला प्रत्येक गाडीने महिन्यातला एक दिवस द्यावा. विहारात होणाऱ्या लग्नाच्या बैठकीत 'गाडी' हा शब्द निघाला, तर तिथे बसलेल्या प्रत्येकाने तो हुंडा आहे असे मोठ्याने म्हणावे. वकिलाने तर सगळ्यात आधी. मी यापुढे गप्प बसणार नाही, हे इथे लिहून देतो.

आणि गाडीचे मॉडेल कुणी विचारलेच, तर आजीचा प्रश्न उलट विचारावा: तुमच्या गाडीत माणसे किती बसतात?

जय भीम!